'पुढे' कुठे गेलं?

जानेवारीतली सकाळ, पावणेआठचा सुमार. मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो आणि आत्याचा फोन आला. "अरे, तुझ्या त्या अ‍ॅपमध्ये 'पुढे'चं बटन आहे म्हणाला होतास ना, ते कुठे गेलं रे? काल रात्री अर्धा तास शोधलं. मग म्हटलं जाऊ दे, आपल्यालाच जमत नसेल. आता लॅबमध्ये येऊन बसलेय. सतरावा नंबर आहे."

त्या सगळ्या बोलण्यातलं 'आपल्यालाच जमत नसेल' एवढंच दिवसभर माझ्या कानात राहिलं.

आत्या इंदूरच्या रामबागेत राहते, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. वय ७१. तिनं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. शेवटच्या बाकावरच्या मुलाला भागाकार कळेपर्यंत ती खडू खाली ठेवायची नाही, असं तिचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. तिला मधुमेह आहे, त्यामुळे दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी साखर तपासायची. म्हणजे आदल्या रात्रीपासून किमान आठ तास पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. घरी येऊन रक्ताचा नमुना घेऊन जाण्याची सोय देणारं एक अ‍ॅप आमच्या छोट्या कंपनीनं एका लॅबसाठी बनवलं होतं. त्यातला फॉर्म माझ्या हातचा. मीच तिला हौसेनं सांगितलं होतं, "आत्या, आता थंडीत बाहेर पडायचं नाही. माणूस घरी येईल." आणि ती त्याच थंडीत, रिकाम्या पोटी, जिना उतरून, रिक्षा करून गेली.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. तिनं चहा टाकला आणि मी म्हटलं, "काल जे केलंस ते तसंच्या तसं परत कर. मी काही बोलणार नाही."

तिनं फोन जेवणाच्या टेबलावर सपाट ठेवला. पुण्याला असलेल्या तिच्या मुलीनं नवा घेतल्यावर दिलेला हा जुना आयफोन, खाली गोल बटन असलेला. आत्या हातात धरून टाइप करत नाही. डाव्या हातानं फोन दाबून धरते आणि उजव्या हाताच्या तर्जनीनं एकेक अक्षर वेचते, तांदूळ निवडल्यासारखं. नाव लिहिलं. वय लिहिलं. पत्ता लिहिला. पिन कोड, ४५२नं सुरू होणारा, घातला. शेवटी मोबाईल नंबर. दहावा आकडा झाला आणि ती थांबली. स्क्रीनच्या खालच्या भागात आकड्यांचा कीबोर्ड पसरलेला होता, आणि 'पुढे'चं बटन त्याच्या बरोब्बर खाली गाडलं गेलं होतं.

तिनं कीबोर्डवर मिटवायची खूण शोधली. नव्हती. मधल्या रिकाम्या पांढऱ्या जागेवर बोट टेकवलं. काही झालं नाही. पान वर सरकवायचा प्रयत्न केला. सरकलं नाही. मग खालचं गोल बटन दाबलं, अ‍ॅप गेलं. पुन्हा उघडलं, तर कीबोर्ड तिथेच, जसाच्या तसा. "बघ," ती म्हणाली, "असंच झालं काल."

त्या पिंजऱ्यातून सुटायला एक वाट होती. वर जाऊन नावाच्या रकान्यात बोट ठेवायचं, म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड जाऊन अक्षरांचा येतो. त्याच्या कोपऱ्यात 'डन' असतं. ते दाबलं की कीबोर्ड मिटतो आणि बटन दिसतं. आधीच भरलेल्या नावाकडे परत जायचं, नावाशी काही काम नसताना. असं कुणाला का सुचावं?

हे काम न करणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. फॉर्ममध्ये रकाने कितीही असोत, कीबोर्डवर दाबलेलं अक्षर एका वेळी एकाच रकान्यात जातं. ज्याच्याकडे ते जाणार, त्याच्याकडे 'फोकस' आहे असं आम्ही म्हणतो. आयफोनवर त्यालाच 'फर्स्ट रिस्पॉन्डर' म्हणतात, म्हणजे हाक मारली की पहिल्यांदा 'ओ' देणारा. कीबोर्ड त्या फोकसच्या मागोमाग चालतो: रकान्याकडे फोकस आला की कीबोर्ड वर येतो, फोकस सोडला की खाली जातो. त्यामुळे कीबोर्ड मिटवायचा तर खरं म्हणजे रकान्याला सांगावं लागतं, 'आता सोड.' आम्ही फ्लटरमध्ये काम करतो, म्हणजे एकदाच लिहून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींसाठी अ‍ॅप बनवायच्या साधनात. तिथे बाहेर कुठेही बोट टेकवलं की फोकस सुटेल, असं फोनवर आपोआप होत नाही; ते लिहावं लागतं. मी लिहिलेलं नव्हतं.

आणि आयफोनच्या आकड्यांच्या कीबोर्डवर 'रिटर्न'ची कळ, जिच्यावर एरवी ते 'डन' येतं ती, मुळातच नसते. शून्याच्या डाव्या बाजूची जागा रिकामी, उजवीकडे खोडायची कळ. अँड्रॉइडवर हा पेच इतका घट्ट बसत नाही, कारण तिथे मागे जायची खूण केली की आधी कीबोर्ड मिटतो. आमच्या ऑफिसात त्या महिन्यात तपासणीला होते ते सगळे फोन अँड्रॉइड. आमच्या मुलांची बोटं इतकी सराईत की मागे जायची खूण ती न कळत करतात. अडचण आली होती की नाही, हेही त्यांना आठवत नव्हतं. तपासणाऱ्याचा हात सवयीनं चालतो आणि बरेच दोष त्या सवयीखाली झाकून जातात, हे मला त्या आठवड्यात नीट कळलं.

पण कीबोर्ड मिटला नाही तरी पान वर सरकायला हवं होतं. ते का सरकलं नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि तेच सांगायला जड जातं.

फ्लटरमध्ये कीबोर्ड उघडला की पानाची उंची आपोआप कमी होते, राहिलेल्या जागेत सगळं बसावं म्हणून. आत्याच्या फोनची स्क्रीन ६६७ पॉइंट उंच; त्यातले २१६ आकड्यांचा कीबोर्ड घेतो, जवळजवळ एक तृतीयांश. माझे पाच रकाने आणि बटन उरलेल्या जागेत मावत नव्हते. अशा वेळी, अ‍ॅप तयार होत असताना, स्क्रीनच्या कडेला पिवळ्या-काळ्या तिरप्या पट्ट्या उमटतात, रस्त्याचं काम चालू असलं की अडथळ्यावर असतात तशा, आणि लिहून येतं की खालून इतके पिक्सेल बाहेर सांडले. ती सूचना असते: इथे जागा पुरत नाही, काहीतरी कर. करायचं ते एवढंच, की सगळा फॉर्म सरकणाऱ्या पानात बसवायचा. पण एक आडवाटही आहे. एका ओळीत सांगता येतं की कीबोर्ड आला तरी पानाची उंची बदलू नकोस. पट्ट्या तत्क्षणी जातात. बटन कीबोर्डखाली जातं, पण पट्ट्या जातात. संध्याकाळ झाली होती, दुसऱ्या दिवशी लॅबवाल्यांना दाखवायचं होतं, आणि ती ओळ मी लिहिली. नंतर नीट करू म्हणून. ते 'नंतर' आलं आत्याच्या टेबलावर.

चहा पिताना माझी नजर कपाटावर गेली. तिथे काकांचा टाइपरायटर आहे, वर विणलेलं झाकण घातलेला. आत्याचे यजमान, आम्हा सगळ्यांचे काका, कोर्टाबाहेर टेबल मांडून बसायचे. हिंदी अर्ज, शपथपत्रं, भाडेकरार. सुट्टीत मी त्यांच्या बाजूच्या स्टुलावर जाऊन बसायचो. त्यांचे डोळे कधीही कळांवर नसायचे. ते बाजूच्या हस्तलिखितावर, अधूनमधून कागदावर. बोटं आपली वाट ओळखून होती. ओळ संपायच्या थोडं आधी टिंग अशी घंटी वाजायची, म्हणजे आणखी चार-सहा अक्षरांचीच जागा आहे, शब्द पुरा करा. मग ते डावीकडचा दांडा उजवीकडे ढकलायचे, कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, घरंगळत परत जागेवर यायची आणि कागद एक ओळ वर सरकायचा.

फोनवरची 'रिटर्न' ही कळ त्याच दांड्याचं उरलेलं नाव आहे. कॅरेज परत आणण्याचा तो 'रिटर्न'. कॅरेज गेली, कागद गेला, नाव राहिलं. मला त्या यंत्राची एक गोष्ट त्या संध्याकाळी फार मोलाची वाटली. टाइपरायटरवर कळा जागच्या हलत नाहीत, कागद हलतो. लिहिलं जाणार ती जागा सतत एकाच ठिकाणी, लिहिणाऱ्याच्या समोर येत राहते. माणसानं यंत्राच्या मागे धावायचं नसतं, कागदच आपणहून पुढ्यात येतो. आणि जागा संपत आली तर ते आधी, वेळेवर, आवाज करून सांगतं.

फोनांच्या बाबतीतही सुरुवातीला कळा वेगळ्याच होत्या. बटनांच्या फोनवर त्या स्क्रीनच्या खाली, कायमच्या. कशावर झाकण घालायचा प्रश्नच नव्हता. २००७मध्ये आयफोन आला तो काचेवरचा कीबोर्ड घेऊन. २००८च्या पहिल्या अँड्रॉइड फोनला सरकवून उघडायच्या खऱ्या कळा होत्या. स्क्रीनवरचा कीबोर्ड अँड्रॉइडला मिळाला २००९च्या एप्रिलमध्ये, कपकेक नावाच्या १.५ आवृत्तीत. तेव्हापासून एकाच काचेवर लिहायची जागा आणि लिहायचं साधन यांची ओढाताण सुरू आहे. कीबोर्ड या क्षणी वर आहे का, एवढा साधा प्रश्न अँड्रॉइडला सरळ विचारायची सोयसुद्धा २०२०च्या अँड्रॉइड ११मध्ये आली. त्याआधी आम्ही खिडकीची उंची मोजायचो आणि ती एकदम कमी झाली तर अंदाज बांधायचो की कीबोर्ड आला असावा. आयफोनवर पानावरचंच बटन कीबोर्डच्या वरच्या कडेला थेट टांगून ठेवता येईल अशी तयार सोय २०२१मध्ये, आयओएस १५बरोबर आली. म्हणजे बनवणाऱ्यांनाही याचं उत्तर सापडायला बरीच वर्षं लागली. तेवढ्यानं माझ्या त्या ओळीचं समर्थन होत नाही, पण प्रश्न क्षुल्लक नाही हे कळतं.

त्यानंतरचा आठवडाभर मी तो फॉर्म नव्यानं लिहिला. ती ओळ काढली. फॉर्म सरकणाऱ्या पानात घातला. बाहेर बोट टेकवलं की फोकस सुटेल असं केलं, पान बोटानं ओढलं तरी कीबोर्ड मिटेल असं केलं, आणि आकड्यांच्या कीबोर्डच्या डोक्यावर एक बारीक पट्टी लावली, तिच्यावर 'झालं'. एक गोष्ट सहज निसटली असती. फ्लटर फोकस असलेला रकाना आपोआप कीबोर्डच्या वर आणतं, पण त्याच्याखाली ठरलेली २० पिक्सेलच जागा सोडतं. रकाना दिसतो, त्याच्याखालचं बटन दिसत नाही. ती जागा मी १२० केली. दिसायला एका आकड्याचा फरक. पण मोबाईल नंबर लिहीत असतानाच खाली 'पुढे' डोळ्यांना दिसत राहतं आणि माणसाच्या मनाला धीर असतो की वाट आहे.

रविवारी पुन्हा आत्याकडे गेलो. मला वाटलं होतं, आता दाखवायचं आणि पोहे खाऊन निघायचं. प्रत्यक्षात खरं शिकलो ते त्या दिवशी.

माझ्या फॉर्ममध्ये एक सोय होती, जिचा मला अभिमान होता. पिन कोडचे सहा आकडे पुरे झाले की फोकस आपोआप मोबाईलच्या रकान्यात उडी मारायचा. बोट उचलून पुढच्या रकान्यात ठेवायचे श्रम वाचतात. आत्यानं पिन कोड घालताना एक आकडा चुकून दोनदा दाबला. सहा भरले, फोकस पुढे गेला, आणि राहिलेला शेवटचा आकडा मोबाईलच्या रकान्यात जाऊन बसला. तिनं मान वर केली. "हे काय? इथे कोणी लिहिलं?"

मी शेजारी बसून तिच्या डोळ्यांकडे बघत होतो, म्हणून कळलं. ती लिहिताना रकान्याकडे बघतच नाही. ती कळांकडे बघते. एक आकडा शोधते, दाबते, पुढचा शोधते. पाच-सहा कळा झाल्यावर मान वर करून काय उमटलं ते वाचते. मधल्या वेळात वर रकाने बदलले, पान सरकलं, लाल अक्षरांत काही चूक दाखवली, तरी तिला काहीच माहीत नसतं. काकांचे डोळे कागदावर असायचे. आत्याचे कळांवर असतात. माझ्या फॉर्मनं गृहीत धरलं होतं की कर्सर जिथे लुकलुकतोय तिथेच माणसाचं लक्ष आहे. फोकस हे यंत्राचं लक्ष. माणसाचं लक्ष वेगळं, आणि ते कुठे आहे हे यंत्राला कधीही कळत नाही. फोकस हलवायच्या आधी आपण हे धरून चालायला हवं की समोरच्याची नजर खाली आहे.

ती उडी मी त्याच दिवशी काढली. रकाना पुरा झाला की माणूस स्वतः पुढे जाईल. सातवा आकडा दाबला तर तो पुढे सांडणार नाही, घेतलाच जाणार नाही.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. पान उघडताच पहिल्या रकान्याला फोकस द्यायची पद्धत आहे. त्यानं कीबोर्ड लगेच वर येतो आणि काय भरायचंय हे वाचायच्या आधीच पानाचा खालचा भाग झाकला जातो. शोधायच्या पानावर ते ठीक, तिथे माणूस लिहायलाच आलेला असतो. रक्ततपासणीच्या फॉर्मवर आधी वाचू द्यावं. तसंच ते दोनदा दाबावं लागणं: कित्येक अ‍ॅपमध्ये कीबोर्ड वर असताना बटन दाबलं तर पहिल्या दाबण्यात फक्त कीबोर्ड मिटतो, बटन लागतच नाही. आत्याला वाटतं आपलं बोट नीट टेकलं नाही, म्हणून ती दुसऱ्यांदा जोरात दाबते. तिचं बोट नीटच टेकलेलं असतं.

ओटीपीचे सहा सुटे चौकोन मला पूर्वी फार देखणे वाटायचे. आयफोनवर २०१८पासून मेसेजमधला ओटीपी कीबोर्डच्या वर दिसतो, बोट लावलं की रकान्यात येतो. आमच्या सहा चौकोनांत पहिल्यातच एक आकडा बसला आणि बाकीचे पाच रिकामे राहिले, कारण ते सहा वेगवेगळे रकाने होते. आता रकाना एकच आहे; चौकोन नुसते वरून रेखाटलेले. फोकसला कुठे उडी मारायला नको, कुठे परत यायला नको.

आणि नावाचा रकाना. आत्या मराठीतच नाव लिहिते. अक्षर जुळवताना शब्दाखाली कीबोर्ड एक रेघ ठेवतो: हा शब्द अजून घडतोय, हात लावू नका. मी मात्र प्रत्येक अक्षरागणिक मजकूर तपासून, जादा जागा काढून, परत रकान्यात घालत होतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ते जाणवलं नसतं. मराठीत जोडाक्षर अर्धवट असताना मजकूर बदलला की कर्सर टोकाला जातो आणि पाय मोडलेलं अक्षर तसंच लंगडं राहतं. 'ज्योत्स्ना' हे नाव लिहून बघा: डोळ्यांना दोनच जोडाक्षरं, आत १० चिन्हं, त्यात तीन हलन्त. त्यातल्या कुठल्याही पायरीवर मध्ये हात घातला तर नाव मोडतं. आता तपासणी लिहून झाल्यावर, रकान्यानं फोकस सोडल्यावर होते. इंदूरमध्ये राहून, दिवसभर हिंदीत व्यवहार करून, आपलं नाव मराठीत लिहायचा आग्रह धरणाऱ्या माणसाला निदान ते नाव पुरं लिहू द्यावं.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी फोन वाचून दाखवणारी साधनं असतात, टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर. त्यांचा फोकस आणखी वेगळा. काय वाचलं जातंय हे एक आणि अक्षर कुठे जातंय हे दुसरं. त्या बाजूनं आमचा फॉर्म अजून कच्चा आहे. ते काम आता हातात घेतलंय, आणि त्यासाठी ज्याला ते रोज वापरावं लागतं अशाच माणसाशेजारी बसायचं, हे ठरवलंय.

एप्रिलमध्ये आत्याची पुढची तपासणी आली. मी मुद्दाम आदल्या संध्याकाळी गेलो, पण काही बोललो नाही. तिनं फोन टेबलावर सपाट ठेवला. नाव, वय, पत्ता, पिन कोड. मोबाईलचा दहावा आकडा दाबून तिनं मान वर केली, कीबोर्डच्या डोक्यावरचं 'झालं' पाहिलं, दाबलं. कीबोर्ड खाली गेला. 'पुढे' समोर होतं. तिचं बोट त्याच्याकडे गेलं आणि मध्येच थांबलं. बटनाच्या वर मी नव्यानं एक रकाना ठेवला होता, 'येणाऱ्यासाठी काही सूचना', भरला नाही तरी चालेल असा. तिनं तिथे बोट ठेवलं. पान आपसूक वर सरकलं.

ती बराच वेळ एकेक अक्षर वेचत राहिली. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा होतो. लिहून झाल्यावर तिनं चष्मा कपाळावर चढवला आणि फोन माझ्याकडे वळवला, जोडाक्षरं बरोबर आलीत का बघ म्हणून.

'जिन्यातला दिवा गेला आहे. चौथी पायरी तुटकी आहे, जपून यावे. दार उघडेच असते.'

"बरोबर आहे," मी म्हटलं. तिनं 'पुढे' दाबलं.